वाचकांचे प्रश्न : हरित रोख्यांतला पैसा नेमका जातो कुठे?

हरित कर्जरोख्यांविषयी, म्हणजेच ग्रीन बाँडविषयी, आम्ही गेल्या महिन्यात वाचकांकडून प्रश्न मागवले होते. पत्रे अपेक्षेपेक्षा बरीच जास्त आली. पर्यावरणाला उपकारक कामांसाठीच वापरू, असे वचन देऊन घेतलेले कर्ज म्हणजे हरित रोखा, एवढी व्याख्या बहुतेकांना ठाऊक आहे. मात्र त्या वचनाला कायद्याने, हिशेबाने आणि प्रत्यक्ष कामाने किती वजन येते, ही शंका जवळजवळ प्रत्येक पत्रात आहे. जागेअभावी आठ पत्रे निवडली असून काही पत्रे थोडी संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका आहे. माझ्याकडे काही सुवर्ण रोखे आहेत. आता भाचा सांगतो की सरकारचे हरित रोखेही निघाले आहेत आणि ते त्याच जातीचे आहेत. हे खरे का? आणि सौर प्रकल्प बंद पडला तर माझे पैसे बुडतील का? (सांगली)

उत्तर : दोन्हींच्या इंग्रजी नावांची आद्याक्षरे जवळजवळ सारखी असल्यामुळे हा घोटाळा अनेकांचा होतो. प्रत्यक्षात हे प्रकार पूर्ण वेगळे आहेत. सुवर्ण रोख्याचे मुद्दल सोन्याच्या भावाशी बांधलेले असते आणि त्यावर वर्षाला अडीच टक्के व्याज मिळते. फेब्रुवारी 2024 नंतर त्यांची नवी मालिका निघालेली नाही. हरित रोखा हा केंद्र सरकारचा साधा, ठरावीक व्याजाचा, मुदतीअंती मूळ रक्कम परत करणारा कर्जरोखा आहे आणि त्याचा सोन्याशी काहीही संबंध नाही. त्याचा आराखडा अर्थ मंत्रालयाने नोव्हेंबर 2022 मध्ये जाहीर केला. पहिला लिलाव 25 जानेवारी 2023 रोजी 8,000 कोटी रुपयांचा झाला, त्यात पाच वर्षांच्या रोख्यांवर 7.10 टक्के आणि दहा वर्षांच्या रोख्यांवर 7.29 टक्के व्याज ठरले. पुढच्याच महिन्यात आणखी 8,000 कोटी उभे राहिले.

प्रकल्प बंद पडला तर काय, हा आपला प्रश्न फार योग्य आहे आणि त्याचे उत्तर आराखड्यातच दिलेले आहे. रोख्यांची रक्कम भारताच्या संचित निधीत जमा होते, ती कोणत्या कामांवर खर्च पडली याची वेगळी नोंद ठेवली जाते, परंतु व्याज आणि मुद्दल कोणत्याही एका प्रकल्पाच्या कमाईवर अवलंबून नसते. आपला ऋणको सौर प्रकल्प नसून भारत सरकार आहे. त्यामुळे पैसे बुडण्याची भीती इतर सरकारी रोख्यांइतकीच, म्हणजे जवळजवळ नाहीच.

धोका आहे तो वेगळ्या ठिकाणी. रोखा मुदतीआधी विकायची वेळ आली आणि दरम्यान बाजारातले व्याजदर वाढलेले असतील, तर भाव कमी मिळतो. दहा वर्षांच्या रोख्याच्या बाबतीत व्याजदर एक टक्क्याने वाढले तर भाव साधारण सात टक्क्यांनी उतरतो, असा ढोबळ अंदाज धरावा. शिवाय हरित रोख्यांची खरेदी-विक्री इतर सरकारी रोख्यांपेक्षा कमी होत असल्याने गिऱ्हाईक पटकन मिळेलच असे नाही. रिझर्व्ह बँकेच्या रिटेल डायरेक्ट खात्यातून किमान 10,000 रुपयांपासून खरेदी करता येते. व्याजावर आपल्या उत्पन्नाच्या टप्प्यानुसार कर लागतो. रोखा हरित आहे म्हणून करात सवलत मिळत नाही. आपले वय लक्षात घेता, मुदत संपेपर्यंत ज्या रकमेची गरज लागणार नाही तेवढीच गुंतवावी, असे मी आग्रहाने सुचवीन.

प्रश्न : आमच्या महापालिकेने हरित रोख्यांतून 200 कोटी उभे केले, त्याचा मोठा गाजावाजा झाला. हे कर्ज शेवटी आम्हीच फेडायचे ना? आणि पदपथ नि सायकलमार्ग यांत ‘हरित’ ते काय? (निगडी, पिंपरी-चिंचवड)

उत्तर : होय, हे कर्ज शहरच फेडणार आहे. पिंपरी-चिंचवड महापालिकेने जून 2025 मध्ये मुंबई शेअर बाजारात नोंदवलेले हे रोखे महाराष्ट्रातल्या महापालिकांमधले पहिले हरित रोखे ठरले. व्याज 7.85 टक्के, म्हणजे वर्षाला 15 कोटी 70 लाख रुपये. महापालिकांनी बाजारातून कर्ज उभारावे यासाठी केंद्र सरकार प्रोत्साहन देते. हरित रोख्यांसाठी ते शंभर कोटींमागे दहा कोटी आहे. त्या हिशेबाने मिळणारे 20 कोटी रुपये पहिल्या सव्वा वर्षाच्या व्याजाला पुरतात. उरलेले व्याज आणि पूर्ण मुद्दल मात्र महापालिकेच्या उत्पन्नातूनच, त्यात मालमत्ता करही आला, द्यायचे आहे.

मग कर वाढवून काम का केले नाही? माझे मत असे की, तीस-चाळीस वर्षे टिकणाऱ्या कामाचा सगळा बोजा एकाच वर्षाच्या करदात्यांवर टाकणे न्याय्य नाही, म्हणून अशा कामासाठी कर्ज घेणे गैर नाही. घेतलेल्या कर्जातून शहराच्या खर्चात बचत होते का, उत्पन्नात भर पडते का, की फक्त सोय वाढते, हे मात्र प्रत्येक वेळी स्वतंत्रपणे तपासायला हवे. हे समजण्यासाठी मी इंदूरचे उदाहरण जरा विस्ताराने देतो, कारण देशभरात मला त्याहून स्पष्ट उदाहरण सापडलेले नाही.

इंदूर शहर नर्मदेचे पाणी पिते. नर्मदा शहरापासून सुमारे 70 किलोमीटर दूर आणि शहराच्या पातळीपेक्षा शेकडो मीटर खाली वाहते. जलूद येथील पंप हे पाणी माळव्याच्या पठारावर रात्रंदिवस चढवत असतात आणि पाणीपुरवठ्याच्या खर्चातला सर्वांत जड आकडा म्हणजे त्या पंपांचे वीजबिल. फेब्रुवारी 2023 मध्ये इंदूर महापालिकेने याच पंपांसाठी खरगोन जिल्ह्यात 60 मेगावॉटचा सौर प्रकल्प उभारायला 244 कोटींचे हरित रोखे काढले आणि ते थेट सामान्य नागरिकांना देऊ केले. दर्शनी मूल्य 1,000 रुपये, किमान गुंतवणूक 10,000 रुपये, व्याज 8.25 टक्के आणि ते दर सहा महिन्यांनी. मागणी जवळपास सहापट आली.

आता कागद-पेन्सिल घेऊन बसा. 244 कोटींवरचे व्याज वर्षाला सुमारे 20 कोटी होते. एक मेगावॉटपासून वर्षाला ढोबळमानाने 15 लाख युनिट धरले, तर 60 मेगावॉटमधून 9 कोटी युनिट मिळतात. युनिटला पाच रुपये वाचले असे मानले तर बचत 45 कोटींची होते. पाच रुपयांचा दर मी केवळ गणितासाठी धरला आहे, तरी या कर्जाला परतफेडीचा एक दिसणारा, मोजता येणारा झरा आहे, हे यावरून कळते. एप्रिल 2021 मध्ये देशातला पहिला महापालिका हरित रोखा काढणाऱ्या गाझियाबादचीही गोष्ट अशीच आहे. त्यांनी 8.10 टक्क्यांनी 150 कोटी घेतले ते सांडपाण्यावर तिसऱ्या टप्प्याची प्रक्रिया करून ते उद्योगांना विकण्यासाठी.

आपल्या शहरातील ‘हरित सेतू’ योजना आणि टेल्को रस्त्याचा पुनर्विकास ही कामे या जातीची नाहीत. चालण्याचे आणि सायकलचे मार्ग झाल्याने महापालिकेच्या तिजोरीत पैसे येत नाहीत. लोकांनी दोन-तीन किलोमीटरच्या अंतरासाठी दुचाकी बाहेर काढली नाही, तर पेट्रोल वाचते आणि हवा सुधारते. त्या अर्थाने हे काम नक्कीच हरित आहे आणि स्वच्छ वाहतुकीत ते मोडते. पण हा लाभ तेव्हाच खरा, जेव्हा माणसे त्या मार्गांवरून प्रत्यक्ष चालतात. म्हणून आपण महापालिकेला विचारावयाचा प्रश्न असा : काम सुरू होण्याआधी या रस्त्यांवर रोज किती माणसे चालत होती, किती सायकली जात होत्या, याची मोजणी केली होती का, आणि काम झाल्यावर ती पुन्हा केव्हा करणार? सेबीच्या, म्हणजे रोखे बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेच्या, नियमांनुसार हरित रोखे काढणाऱ्याला रक्कम कुठे खर्च झाली आणि पर्यावरणावर काय परिणाम झाला, हे दरवर्षी जाहीर करावे लागते. त्या अहवालात पदपथांची लांबी आणि लावलेली झाडे एवढेच आकडे आले तर नागरिकांनी समाधान मानू नये.

जाता जाता एक गोष्ट नोंदवतो. शेजारच्या पुणे महापालिकेने जून 2017 मध्ये समान पाणीपुरवठा योजनेसाठी 7.59 टक्क्यांनी 200 कोटींचे रोखे काढले. गळती शोधणे, मीटर बसवणे, पाणी वाचवणे हे त्या योजनेचे मुख्य काम. त्या रोख्यांवर ‘हरित’ असा शिक्का नव्हता, पण हेतू पाहिला तर तो अनेक शिक्केवाल्या रोख्यांपेक्षा कमी हरित म्हणता येणार नाही.

प्रश्न : मी अर्थशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात आहे. ‘ग्रीनियम’वर प्रकल्प लिहिते आहे. हरित रोख्यांवर सरकारला कमी व्याज द्यावे लागते असे वाचले, पण नंतरच्या लिलावांत तसे दिसत नाही. असे का झाले असावे? (कोल्हापूर)

उत्तर : आपले निरीक्षण अचूक आहे. आधी इतर वाचकांसाठी सांगतो की, सारख्याच मुदतीच्या साध्या रोख्यापेक्षा हरित रोख्यावर गुंतवणूकदार जेवढे कमी व्याज स्वीकारतो, त्या फरकाला ग्रीनियम म्हणतात. तो बेसिस पॉइंटमध्ये, म्हणजे टक्क्याच्या शंभराव्या भागात मोजतात. जानेवारी 2023 च्या पहिल्या लिलावात दहा वर्षांचा हरित रोखा 7.29 टक्क्यांना गेला तेव्हा साध्या दहा वर्षांच्या रोख्याचा परतावा 7.35 टक्क्यांच्या आसपास होता. पाच-सहा बेसिस पॉइंटचा फरक. तो ऐकायला गोड वाटतो, पण 8,000 कोटींवर पाच बेसिस पॉइंट म्हणजे वर्षाला चार कोटी रुपये. केंद्र सरकारच्या कर्जाच्या डोंगरापुढे ही रक्कम अगदी किरकोळ आहे.

पुढे 2024 मध्ये एका लिलावात अपेक्षित दराने बोली न आल्याने रिझर्व्ह बँकेला त्या नाकाराव्या लागल्या आणि दुसऱ्या एका लिलावात न खपलेला मोठा हिस्सा प्रायमरी डीलरांच्या, म्हणजे सरकारी रोखे विकत घेण्याची हमी दिलेल्या संस्थांच्या, गळ्यात पडला. कारणे उघड आहेत. युरोपात अनेक पेन्शन फंडांवर ठरावीक हिस्सा हरित मालमत्तेत ठेवण्याचे बंधन किंवा सभासदांचा दबाव असतो, त्यामुळे ते थोडे व्याज सोडायला तयार होतात. आपल्याकडच्या बँका, विमा कंपन्या आणि भविष्य निर्वाह निधी यांच्यावर तशी सक्ती नाही. त्यांच्या दृष्टीने हरित रोखा म्हणजे तोच सरकारी कागद, फक्त लहान आकाराचा आणि बाजारात कमी फिरणारा. कमी फिरणाऱ्या कागदावर त्यांनी उलट थोडे जास्त व्याज मागितले तर त्यांना दोष देता येत नाही.

आपल्या प्रकल्पासाठी एक सूचना. जर्मनीने 2020 मध्ये ‘जुळे’ रोखे काढायला सुरुवात केली. व्याज आणि मुदत तीच, एक साधा आणि एक हरित. अशा जोडीतला परताव्याचा फरक पाहिला की ग्रीनियम जवळजवळ शुद्ध स्वरूपात सापडतो. भारतात अशी जोडी नाही, त्यामुळे आपल्याला जवळच्या मुदतीचे रोखे शोधून तुलना करावी लागेल. मुदतीतला काही महिन्यांचा फरक आणि उलाढालीतला फरक यांचा परिणाम वजा केल्याशिवाय निष्कर्ष लिहू नये. माझी समजूत विचाराल तर, उगवत्या अर्थव्यवस्थेत हरित रोख्याचे मोल व्याज वाचवण्यापेक्षा हिशेब देण्याच्या सक्तीत अधिक आहे. सरकारच्या इतर कर्जाचा रुपया कोणत्या खात्यावर गेला, हे कुणीच सांगत नाही. या कर्जाचा सांगावा लागतो. आपल्या मार्गदर्शकांना हे मत पटणार नाही कदाचित, पण त्यावर चर्चा जरूर करावी.

प्रश्न : मी औष्णिक वीज केंद्रात 31 वर्षे नोकरी केली. हरित रोख्यांचा पैसा विजेवर चालणाऱ्या रेल्वे इंजिनांना दिला असे वाचले. त्या तारेत येणारी वीज आम्ही कोळसा जाळूनच तयार करत होतो. मग ही लोकांच्या डोळ्यांत धूळफेक नाही का? (नागपूर)

उत्तर : ज्यांनी भट्टीची धग सोसली त्यांनी विचारलेला हा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटला. सरकारी हरित रोख्यांचा मोठा वाटा विजेवरच्या इंजिनांना आणि मेट्रोला गेला, हे खरे आहे. देशातली बहुतांश वीज आजही कोळशावर तयार होते, हेही खरे आहे. या आराखड्याचे परीक्षण करणाऱ्या सिसेरो या नॉर्वेतल्या संस्थेने त्याला ‘मध्यम हरित’ ठरवले, सर्वांत गडद छटा दिली नाही.

तरीही मी याला धूळफेक म्हणणार नाही. इंजिन तीस-पस्तीस वर्षे धावते. डिझेलचे इंजिन घेतले तर ते शेवटच्या दिवसापर्यंत डिझेलच पिणार. विजेचे इंजिन मात्र तारेतली वीज जसजशी स्वच्छ होईल तसतसे आपोआप स्वच्छ होत जाते. जून 2025 मध्ये देशाच्या एकूण स्थापित वीजक्षमतेत बिगर-जीवाश्म स्रोतांचा वाटा 50 टक्क्यांवर पोचला. हे उद्दिष्ट 2030 साठीचे होते. क्षमता आणि प्रत्यक्ष निर्मिती यांत किती अंतर असते, हे मी आपल्याला सांगायला नको. सूर्य मावळल्यावर आपल्यासारख्यांचेच संच शहरे उजळतात. परंतु दिशा बदलली आहे, आणि रूळ व इंजिने आधी तयार असणे त्यात उपयोगाचेच आहे. माझा आक्षेप वेगळा आहे. रेल्वेचे विद्युतीकरण सरकार तसेही करणारच होते. हरित रोख्यांमुळे एखादे काम नव्याने सुरू झाले, की आधीच ठरलेल्या खर्चाला हिरवे वेष्टन चढले, हे विचारले गेले पाहिजे आणि अहवालांतून त्याचे समाधानकारक उत्तर मिळत नाही.

आराखड्यातून काय वगळले आहे, तेही पाहण्यासारखे आहे. जीवाश्म इंधनांचे उत्खनन, उत्पादन आणि वितरण तर वगळले आहेच, त्यातल्या सुधारणांनाही जागा नाही. म्हणजे जुन्या औष्णिक संचाची कार्यक्षमता वाढवून कोळसा वाचवला तरी त्याला हा पैसा मिळत नाही. अणुवीज वगळली आहे, कचरा थेट जाळणे वगळले आहे, आणि 25 मेगावॉटपेक्षा मोठे जलविद्युत प्रकल्पही वगळले आहेत. म्हणजे 1,960 मेगावॉटचा कोयना प्रकल्प आज नव्याने प्रस्तावित झाला असता तर तो या यादीत बसला नसता. मोठ्या धरणांनी उठवलेली गावे ज्यांनी पाहिली आहेत त्यांना या नियमामागचे कारण समजावून सांगण्याची गरज नाही. कोणत्या कामाला हरित म्हणावे, याची देशाची स्वतःची वर्गवारी असावी, म्हणून अर्थ मंत्रालयाने मे 2025 मध्ये हवामान वित्त वर्गीकरणाचा मसुदा लोकांच्या सूचनांसाठी खुला केला. पोलाद, सिमेंट यांसारख्या, एका रात्रीत स्वच्छ होऊ न शकणाऱ्या उद्योगांना संक्रमणासाठी पैसा कसा द्यावा, हा विचार त्यात आहे. आपल्यासारख्या अनुभवी अभियंत्यांनी अशा मसुद्यांवर लेखी मत कळवले पाहिजे, असे मला मनापासून वाटते.

प्रश्न : बँकेत ‘ग्रीन डिपॉझिट’ ठेवावे का? नेहमीच्या मुदत ठेवीपेक्षा त्यात वेगळे काय? (ठाणे)

उत्तर : ठेवीदार म्हणून आपल्यासाठी फारसे वेगळे नाही. ठरलेले व्याज मिळते, आणि ठेव विम्याचे पाच लाखांपर्यंतचे संरक्षणही तेच. फरक पडतो बँकेला : रिझर्व्ह बँकेच्या 1 जून 2023 पासून लागू झालेल्या चौकटीनुसार ती रक्कम सौर-पवन ऊर्जा, ऊर्जा बचत, स्वच्छ वाहतूक, पाणी आणि कचरा व्यवस्थापन अशा ठरलेल्या क्षेत्रांतच कर्जाऊ द्यावी लागते आणि तिच्या वापराची दरवर्षी त्रयस्थ पडताळणी करून घ्यावी लागते.

मी स्वतः अशी ठेव ठेवायला एका शाखेत गेलो होतो. खिडकीवरच्या ताईंनी अर्ज दिला. त्यावर नेहमीच्याच मुदत ठेवीचे रकाने होते आणि वरच्या कोपऱ्यात ‘ग्रीन’ असा रबरी शिक्का. गेल्या वर्षी या ठेवींतून कर्ज कुणाला दिले, असे मी विचारले, तेव्हा त्यांनी व्यवस्थापकांकडे पाठवले आणि व्यवस्थापकांनी मुख्य कार्यालयाचा पत्ता लिहून दिला. दोघेही अत्यंत सौजन्याने वागले, पण उत्तर शाखेत कुणाजवळच नव्हते. या ठेवींच्या वापराची माहिती बँकेच्या वार्षिक वित्तीय विवरणात द्यावी लागते आणि पडताळणीचा अहवाल संकेतस्थळावर ठेवावा लागतो. तो आधी वाचावा, आणि व्याजदर साध्या ठेवीपेक्षा कमी असेल तर तो फरक आपण स्वखुशीने सोडत आहोत ना, एवढे ठरवून मगच सही करावी.

प्रश्न : आमच्या 64 सदनिकांच्या गृहनिर्माण संस्थेला छतावर सौर पॅनेल बसवायची आहेत. त्यासाठी हरित रोख्यांतून पैसा मिळू शकेल का? (डोंबिवली)

उत्तर : थेट मिळणार नाही, रोख्यांचा बाजार कोट्यवधींच्या रकमांचा आहे. आपल्यासाठी पंतप्रधान सूर्यघर योजना सोयीची आहे. तीत गृहनिर्माण संस्थांच्या सामाईक वापरासाठी किलोवॉटमागे 18,000 रुपये अनुदान मिळते. लिफ्ट, पाण्याचा पंप, जिन्यातले दिवे आणि वाहनांचे चार्जिंग यांसाठी समजा 20 किलोवॉट बसवले, तर अनुदान 3 लाख 60 हजार होते आणि रोज सरासरी 80 युनिट वीज मिळू शकते. उरलेल्या रकमेसाठी बँकेकडे कर्ज मागता येईल. अक्षय ऊर्जेची कर्जे रिझर्व्ह बँकेने अग्रक्रम क्षेत्रात, म्हणजे बँकांनी ठरावीक प्रमाणात कर्ज द्यायलाच हवे अशा क्षेत्रात, घेतलेली असल्याने बँकांना ती देण्यात स्वारस्य असते. आधी सर्वसाधारण सभेचा ठराव करावा, गेल्या बारा महिन्यांची सामाईक वीजबिले एकत्र ठेवावीत आणि छताच्या गळतीची दुरुस्ती पॅनेल बसवण्यापूर्वीच उरकावी. पॅनेलखालचे छत नंतर दुरुस्त करणे फार कटकटीचे होते.

प्रश्न : मी बारा वर्षे दुबईत आहे. अनिवासी भारतीयांना हे रोखे घेता येतात का? आणि परदेशात डॉलरमध्ये व्याज स्वस्त असताना भारत सरकारने हे रोखे रुपयांत का काढले? (दुबई)

उत्तर : घेता येतात. सरकारी हरित रोख्यांच्या सुरुवातीच्या मालिका परदेशी गुंतवणुकीची मर्यादा नसलेल्या मार्गात समाविष्ट केल्या गेल्या आणि फेमाच्या, म्हणजे परकीय चलन कायद्याच्या, नियमांनुसार पात्र असलेल्या अनिवासी भारतीयांना रिटेल डायरेक्ट खातेही उघडता येते.

आपल्या दुसऱ्या प्रश्नात उगवत्या अर्थव्यवस्थांचे जुने दुखणे आहे. इंडोनेशियाने 2018 मध्ये सव्वाशे कोटी डॉलरचा हरित सुकूक, म्हणजे इस्लामी नियमांनुसारचा रोखा, काढला, इजिप्तने 2020 मध्ये 75 कोटी डॉलरचे हरित रोखे काढले. डॉलरचा व्याजदर कमी दिसतो, पण कर्ज फेडताना डॉलर विकत घ्यावे लागतात आणि सौर प्रकल्पाची कमाई तर स्थानिक चलनात असते. ऑगस्ट 2016 मध्ये डॉलर सुमारे 67 रुपयांना होता, 2024 अखेरीस तो 85 च्या पुढे गेला. त्या काळात डॉलरमध्ये कर्ज घेऊन रुपयांत वीज विकणाऱ्याला मुद्दलच चतुर्थांशाहून अधिक महाग पडले, आणि हा धोका आधीच विम्यासारखा उतरवून ठेवायचा तर त्याचा खर्च व्याजातली बचत खाऊन टाकतो. याच कारणाने एनटीपीसी या सरकारी वीज कंपनीने ऑगस्ट 2016 मध्ये लंडनमध्ये 2,000 कोटींचे हरित ‘मसाला’ रोखे काढले. ते परदेशात विकले गेले, पण रुपयांत मोजलेले होते, त्यामुळे रुपया घसरण्याचा धोका गुंतवणूकदाराने उचलला. केंद्र सरकारने रुपयांत हरित रोखे काढले ते शहाणपणाचेच झाले, असे माझे मत आहे. आपण दिरहममध्ये कमावता, तेव्हा हा धोका आपल्याकडे येईल, हे मात्र ध्यानात ठेवावे. भारतात परत यायचे असेल तर त्याची झळ लागणार नाही.

प्रश्न : आमच्या गावात उन्हाळ्यात टँकर येतो. सौर प्रकल्पांना, मेट्रोला हजारो कोटी मिळतात, मग विहीर पुनर्भरण, शेततळी, बांधबंदिस्ती यांना हा हरित पैसा का मिळत नाही? (बीड जिल्हा)

उत्तर : आपल्या पत्रातला राग रास्त आहे. हवामान बदल रोखण्यासाठी उत्सर्जन कमी करणे आणि बदललेल्या हवामानाला तोंड देणे ही दोन वेगळी कामे आहेत. पहिल्या कामाला पैसा सहज मिळतो, कारण सौर प्रकल्पाला मीटर असतो, वीज विकली जाते आणि त्यातून कर्ज फिटते. पाझर तलावाला मीटर नसतो. त्याचा लाभ शंभर शेतकऱ्यांच्या विहिरींत थोडा थोडा उतरतो आणि तो वसूल करायला कुणी बिल पाठवत नाही, पाठवूही नये. रोखे विकत घेणाऱ्याला परतफेड दिसत नाही आणि म्हणून जगभर हवामान-वित्ताचा थोडाच वाटा या कामांना मिळतो. हवामान बदलाला ज्यांनी सर्वांत कमी हातभार लावला, त्यांच्याच वाट्याला सर्वांत कमी पैसा यावा, ही मोठी अन्यायाची गोष्ट आहे.

उपाय असा की अशा कामांसाठी कर्ज गावाने घ्यायचे नाही. ज्याची पत मोठी आहे त्याने घ्यायचे आणि गावाला अनुदान म्हणून द्यायचे. महाराष्ट्रात हे घडलेले आहे. जागतिक बँक आपला पैसा जगाच्या बाजारात रोखे विकूनच उभारते. हरित रोख्यांची सुरुवातही तिने 2008 मध्येच, स्वीडनच्या पेन्शन फंडांच्या मागणीवरून केली होती. त्या बँकेने 2018 मध्ये राज्य सरकारला 42 कोटी डॉलरचे कर्ज दिले आणि त्यातून नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प, म्हणजे आपल्याकडे सगळे ज्याला ‘पोकरा’ म्हणतात तो, मराठवाडा आणि विदर्भातल्या सुमारे पाच हजार गावांत राबवला गेला. ठिबक, शेततळी, विहीर पुनर्भरण यांचे अनुदान शेतकऱ्याच्या खात्यात थेट जमा झाले. कर्ज राज्याने फेडायचे आहे, शेतकऱ्याने नाही. आपले गाव त्या यादीत होते का, हे तालुका कृषी कार्यालयात कळेल. नसेल तर पुढच्या टप्प्यासाठी ग्रामसभेचा ठराव करून जिल्हा कृषी अधीक्षकांकडे द्यावा.

सोबत एक काम आजच सुरू करता येईल. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा, जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये मोजते. त्याच महिन्यांत आपण गावातल्या दहा विहिरी दोरी सोडून मोजाव्यात आणि तारीख, विहिरीचा गट क्रमांक व काठापासून पाण्यापर्यंतचे अंतर वहीत लिहावे. कामानंतर पाणी किती वर आले, हे दाखवणारा आकडा अशा योजनांना नेहमी कमी पडतो. एका वर्षाच्या नोंदी झाल्या की त्या पानांची प्रत आमच्याकडे पाठवावी. आम्ही ती याच सदरात छापू.